एका चुन्याच्या डबीतून रासायनिक अभिक्रियांचे प्रकार

दहावीच्या विज्ञानात रासायनिक अभिक्रियांचं प्रकरण आलं की मुलं आधी नावं पाठ करतात. संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन. प्रत्येकाची व्याख्या आणि प्रत्येकाचं एक ठरलेलं उदाहरण. परीक्षेत नेहमीचं उदाहरण सोडून दुसरं आलं की गाडी अडते. सांगली-साताऱ्याच्या मुलांचं असं व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे सगळे प्रकार त्यांच्या स्वयंपाकघरात, बागेत आणि साखर कारखान्यात रोज चालू असतात.

म्हणून इथे एकच पदार्थ धरून जाऊ या: चुना. आजीच्या पानाच्या डब्यात तो आहे, द्राक्षबागेतल्या बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाच्या ड्रममध्ये आहे, कारखान्यात उसाचा रस शुद्ध करताना आहे, वाई-मेणवलीकडच्या जुन्या घाट-वाड्यांच्या बांधकामात आहे. त्याच्यामागे चालत गेलं की जवळपास प्रत्येक प्रकार वाटेत भेटतो. जिथे भेटत नाही तिथे विळा, ऊस आणि कल्हईवाला मदतीला येतील.

आधी ठरवा: अभिक्रिया झाली का?

तासगावकडे बेदाणा करताना द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. त्यामुळे सालीवरचा मेणचट थर सैल होतो आणि मण्यातलं पाणी भराभर उडून जातं. द्राक्षाचा बेदाणा झाला, रूप पार बदललं, वजन पाव हिश्श्याच्या आसपास आलं. पण पाणी वाफ होऊन गेलं ते पाणीच राहिलं, आणि मण्यात उरलेली साखरही तीच आहे. हा भौतिक बदल.

त्याच शेडमध्ये दुसरं एक काम गुपचूप चालतं. मणी तपकिरी पडायला लागतो. मण्यातली काही द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जातात आणि आधी तिथे नसलेला तपकिरी पदार्थ तयार होतो. ही रासायनिक अभिक्रिया. ती रोखायला गंधकाची धुरी देतात. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड वायू होतो आणि तो तपकिरीपणाला आळा घालतो. एकाच छपराखाली दोन्ही बदल आहेत आणि त्यांतला फरक एवढाच, की नवा पदार्थ तयार झाला का.

पुस्तकात अभिक्रियेच्या खुणा दिलेल्या असतात: रंग बदलतो, वायू सुटतो, साका बसतो, भांडं तापतं किंवा गार पडतं. त्या उपयोगी आहेत, पण त्या फक्त खुणा आहेत. पाणी उकळताना बुडबुडे येतात, तिथे अभिक्रिया नाही. बुडबुडा दिसला की विचारा, हा वायू आधी तिथे होता का? पाण्याची वाफ म्हणजे पाणीच. सोड्यावर लिंबू पिळल्यावर सुटणारा कार्बन डायऑक्साइड मात्र आधी वायू म्हणून कुठेच नव्हता.

अभिक्रियेत जे पदार्थ भाग घेतात ती अभिक्रियाकारके, आणि जे तयार होतात ती उत्पादिते. समीकरणात बाणाच्या डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी.

प्रयोगाआधी

लागतं थोडंच: खायच्या चुन्याची डबी, खाण्याचा सोडा, लिंबू किंवा व्हिनेगर, हळद, दोन-चार लोखंडी खिळे, पॉलिश पेपर, काचेचे ग्लास, एक स्ट्रॉ, आणि कृषी सेवा केंद्रातून आणलेलं दहा-वीस ग्रॅम मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट.

मोरचूद विषारी आहे. ते मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच हाताळायचं, हातमोजे घालायचे, आणि ज्या ग्लासात ते घेतलं तो ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही. उरलेलं द्रावण विहिरीत, ओढ्यात सोडू नका, तांब्याचे क्षार माशांना घातक असतात. कळीच्या चुन्याला, म्हणजे भट्टीतून आलेल्या ढेकळांना, मुलांनी हातच लावायचा नाही. त्याच्यावर पाणी पडलं की उसळतं आणि एक थेंब डोळ्यात गेला तरी कायमची इजा होऊ शकते. चुना डोळ्यात गेलाच, तर चोळत न बसता वाहत्या पाण्याने बराच वेळ डोळा धुवत राहायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांसाठी: ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करायचं आम्ल एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरतो.

दगडापासून दगडापर्यंत

चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत ती ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की फुटते:

कॅल्शियम कार्बोनेट → कॅल्शियम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

एका पदार्थाचे दोन झाले. ही अपघटन अभिक्रिया. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतली तर ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो वायू हवेत जातो. भट्टीतून निघालेलं ढेकूळ दिसायला दगडाएवढंच असतं, पण उचलल्यावर हलकं लागतं ते यामुळे. वायू मोजला नाही तर वाटतं की वस्तुमान नाहीसं झालं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या अँटोनी लव्हाझिए यांनी बंद भांड्यांत अभिक्रिया घडवून, आधीचं आणि नंतरचं वजन काटेकोरपणे करून दाखवलं, की अभिक्रियेत वस्तुमान घटत नाही आणि वाढतही नाही. १७८९ साली त्यांनी हा द्रव्य अक्षय्यतेचा नियम स्पष्ट शब्दांत मांडला. समीकरण संतुलित करायचा सगळा खटाटोप या नियमासाठी असतो.

आता ते ढेकूळ पाण्यात विरवा:

कॅल्शियम ऑक्साइड + पाणी → कॅल्शियम हायड्रॉक्साइड + उष्णता

दोन पदार्थांचा एकच पदार्थ झाला. ही संयोग अभिक्रिया. ५६ किलो कळीचा चुना १८ किलो पाणी धरून ठेवतो आणि ७४ किलो विरी गेलेला चुना होतो. विरवताना पाण्याला अक्षरशः उकळी फुटते. दिवाळीआधी ज्यांच्या घरी अजून चुना विरवतात त्यांनी तो ड्रम दुरून पाहिलेला असेल: ढेकूळ आधी चिरतं, मग सुस्कारत फुटतं, वाफ निघते आणि शेवटी पांढरं लोणी उरतं. पानाच्या डबीतला चुना हाच.

तो भिंतीवर लावला की आधी ओलसर, करडट दिसतो. पाणी वाळलं तरी लगेच कडक होत नाही, बोट लावलं की बोटाला लागतो. काही दिवसांनी घट्ट होतो. मधल्या काळात तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत असतो:

कॅल्शियम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

म्हणजे पुन्हा चुनखडी. भट्टीत जो वायू घालवला होता तोच भिंतीवर परत घेतला. हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असल्याने काम सावकाश होतं, आणि जाड सांध्यात तर फारच सावकाश. चुन्याचं जुनं बांधकाम वर्षानुवर्षं घट्ट होत जातं ते यामुळे.

ही तिसरी अभिक्रिया कोणत्या प्रकारची? डावीकडे दोन, उजवीकडेही दोन, म्हणून ती संयोग नाही. कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी ऑक्साइड आहे, चुना आम्लारी आहे, आणि त्यांच्यापासून क्षार व पाणी झालं. ही उदासिनीकरण अभिक्रिया. हे मुद्दाम सांगतो, कारण प्रत्येक अभिक्रिया चार प्रकारांच्या चार खणांत कोंबायची सवय लागली की मुलं इथे चुकीचं उत्तर लिहितात.

हीच अभिक्रिया ग्लासात पाहायची तर चुन्याची निवळी करा. ग्लासभर पाण्यात चमचाभर खायचा चुना ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी हलक्या हाताने दुसऱ्या ग्लासात ओता. त्यात स्ट्रॉने फुंकत राहा, पण ओढून घेऊ नका. थोड्याच वेळात पाणी दुधाळ होतं. ते दुधाळपण म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. आता थांबू नका, फुंकतच राहा. बराच वेळ फुंकल्यावर पाणी पुन्हा नितळ व्हायला लागतं, कारण जादा कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळणारं कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होतं. बहुतेक मुलं दुधाळ रंग दिसताच ग्लास खाली ठेवतात आणि खरी गंमत हुकते.

ते नितळ झालेलं पाणी उकळलं की कार्बोनेट परत येतं. जत, कवठेमहांकाळकडे बोअरच्या पाण्याने हीटरच्या कॉइलवर आणि पातेल्याच्या तळाला जो पांढरा थर धरतो, तो बहुतांशी असाच आलेला असतो. त्यावर व्हिनेगर ओतलं तर फसफसून सुटतो. बागाईतदारांनाही ही अभिक्रिया माहीत असते: मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकल्यावर फेस आला तर जमीन चुनखडीची, आणि अशा जमिनीत वेलीला लोह नीट मिळत नाही म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात.

समीकरण लिहायचं आणि संतुलित करायचं

खाण्याचा सोडा कोरड्या तव्यावर तापवा. ढोकळा, भजी फुगवणारा वायू हाच, फक्त इथे पिठाशिवाय. सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याच्या प्रत्येक एककात सोडियम १, हायड्रोजन १, कार्बन १ आणि ऑक्सिजन ३ अणू असतात. तापवल्यावर सोडियम कार्बोनेट (सोडियम २, कार्बन १, ऑक्सिजन ३), पाणी (हायड्रोजन २, ऑक्सिजन १) आणि कार्बन डायऑक्साइड (कार्बन १, ऑक्सिजन २) मिळतात.

आधी शब्दांत लिहा:

सोडियम बायकार्बोनेट → सोडियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

आता मोजा. डावीकडे सोडियम एक, उजवीकडे दोन. म्हणून डावीकडे २ लावा. लावलात की बाकीचं पुन्हा मोजायचं, इथे कंटाळा करायचा नाही. हायड्रोजन डावीकडे २, उजवीकडे पाण्यात २. कार्बन डावीकडे २, उजवीकडे १ अधिक १. ऑक्सिजन डावीकडे ६, उजवीकडे ३ अधिक १ अधिक २, म्हणजे ६. जमलं.

२ सोडियम बायकार्बोनेट → सोडियम कार्बोनेट + पाणी + कार्बन डायऑक्साइड

वजनानेही ताडून पाहा: १६८ ग्रॅम सोड्यातून १०६ ग्रॅम सोडियम कार्बोनेट, १८ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम वायू. बेरीज १६८.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. आकडा पदार्थाच्या पुढे लावायचा, त्याच्या सूत्रात आतला आकडा बदलायचा नाही. आतला आकडा बदलला की पदार्थच दुसरा होतो. दुसरं, सुरुवात अशा मूलद्रव्यापासून करा जे दोन्ही बाजूंना एकेकाच पदार्थात आहे. ऑक्सिजन सहसा तीन-चार ठिकाणी विखुरलेला असतो, त्याला शेवटी घ्या. सोड्यात आपण सोडियमपासून सुरुवात केली ती याच कारणाने.

बोर्डोचा ड्रम आणि विळ्याचं पातं

सांगली जिल्ह्यातल्या द्राक्ष बागाईतदाराच्या मुलाला दुहेरी विस्थापन वेगळं शिकवायची गरज पडू नये. एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवतात, चुना दुसऱ्या भांड्यात विरवून गाळतात, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळत राहतात. गडद निळी धार पांढऱ्या दुधात पडते आणि पडल्या जागी आकाशी रंगाचा मऊ, फुललेला गाळ धरतो. मिश्रण ताजं असताना हा गाळ इतका बारीक असतो की बराच वेळ तरंगत राहतो आणि पानाला छान चिकटतो. शिळं झालं की कण जाड होऊन तळाशी बसतात, म्हणून बोर्डो केलं त्याच दिवशी फवारायचं.

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

तांब्याने सल्फेट सोडलं आणि हायड्रॉक्साइड घेतलं. कॅल्शियमने नेमकं उलट केलं. दोन्ही संयुगांनी आपापले जोडीदार बदलले, म्हणून दुहेरी विस्थापन. न विरघळणारा आकाशी गाळ हा अवक्षेप. (प्रत्यक्ष ड्रममध्ये तांब्याचे आणखीही क्षार एकत्र बनतात, पण समजायला आणि परीक्षेला हे समीकरण पुरेसं आहे.)

हे मिश्रण द्राक्षासाठीच जन्माला आलं. फ्रान्समध्ये बोर्डो भागातले बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, म्हणजे येणारे-जाणारे द्राक्षं तोडणार नाहीत. नेमक्या त्याच वेली डाऊनी या बुरशीजन्य रोगापासून वाचलेल्या दिसल्या. पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ते नजरेत आलं, आणि त्यांनी प्रयोग करून १८८५ साली ही कृती प्रसिद्ध केली. आपल्याकडे पावसात छाटणी सापडली की डाऊनीच्या धास्तीने आजही हाच ड्रम भरला जातो.

आता विळा. चुना जुना किंवा कमी प्रतीचा असेल तर १ किलो पुरत नाही, थोडं मोरचूद तसंच मोकळं राहतं आणि फवारल्यावर कोवळी पानं भाजतात. ते तपासायला घासून स्वच्छ केलेलं विळ्याचं पातं मिश्रणात थोडा वेळ बुडवून ठेवतात. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, आणखी चुना घाला. पातं होतं तसंच निघालं तर मिश्रण फवारायला तयार.

त्या तांबूस थरात विस्थापन अभिक्रिया आहे:

लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे

लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते सल्फेटसोबतची तांब्याची जागा घेतं आणि तांबं बाहेर येऊन पात्यावर बसतं. घरी करताना खिळा पॉलिश पेपरने घासून मोरचुदाच्या पाण्यात टाका. अर्ध्या तासात खिळ्यावर तांबूस साय धरते. रात्रभर ठेवला तर पाण्याचा निळा रंग फिका पडून हिरवटाकडे झुकतो. उलटा प्रयोगही कराच: तांब्याची तार फेरस सल्फेटच्या द्रावणात टाका. काहीच होत नाही. हे काहीच न होणं महत्त्वाचं आहे, कारण त्यावरून धातूंचा क्रम लागतो: पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अ‍ॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, शिसे, तांबे, चांदी, सोने. वरचा धातू खालच्याला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो. बोर्डो लोखंडी पिंपात का करत नाहीत, याचं उत्तरही आता तुम्हीच द्याल.

तोच बदल, तीन प्रश्न

इथवर चार प्रकार झाले. आता मुलांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट. पुस्तकात पुढे उष्मादायी, उष्माग्राही, ऑक्सिडीकरण, क्षपण अशी आणखी नावं येतात आणि वाटतं, हे पाचवा, सहावा, सातवा प्रकार आहेत. तसं नाही. ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कोणत्याही अभिक्रियेला तीन प्रश्न विचारा. पदार्थांची मांडणी कशी बदलली? उष्णता बाहेर आली की आत गेली? इलेक्ट्रॉन कुणी दिले आणि कुणी घेतले का? पहिल्याचं उत्तर संयोग, अपघटन वगैरे. दुसऱ्याचं उष्मादायी किंवा उष्माग्राही. तिसऱ्याचं रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण एकत्र, आहे की नाही. एकाच अभिक्रियेला तिन्ही उत्तरं एकाच वेळी लागू होतात.

चुना विरवणं घ्या. मांडणीने संयोग, उष्णतेने उष्मादायी, इलेक्ट्रॉनची देवघेव नाही. भट्टी घ्या: अपघटन, उष्माग्राही, देवघेव नाही. उष्माग्राहीची ओळख मुलांना हाताने पटवायची असेल तर ग्लासात लिंबाचा रस घेऊन त्यात सोडा टाका आणि ग्लास हातात धरा. फसफसताना ग्लास गार लागतो. थर्मामीटर असेल तर पारा काही अंश खाली आलेला स्पष्ट दिसतो.

विळ्याचं पातं मात्र तिसऱ्या प्रश्नाला होकार देतं. लोखंडाच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले, तांब्याच्या आयनाने ते घेतले. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. दोन्ही एकदमच होतात, कारण देणारा असल्याशिवाय घेणारा नाही. ऑक्सिजन मिळणं म्हणजे ऑक्सिडीकरण ही जुनी व्याख्याही चुकीची नाही, फक्त अपुरी आहे. विळ्याच्या अभिक्रियेत ऑक्सिजनने कुठे हातच घातलेला नाही, तरी लोखंडाचं ऑक्सिडीकरण झालंच.

ऑक्सिजन असलेली उदाहरणं तर पावलोपावली आहेत. कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळतं, गंधक जळतं, शेंगदाणा तेल खवट होतं, लोखंड गंजतं. गंजाचं एक जवळून पाहा. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठच्या शेतीपंपांच्या अनेक मोटारी पाण्याखाली गेल्या. लोखंड पाण्यात खोल बुडालेलं असताना गंज तुलनेने हळू चढतो, कारण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन थोडा असतो. पाणी ओसरून ओल्या चिखलाने माखलेलं लोखंड हवेत आलं की त्याला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही भरपूर मिळतात, आणि गंज झपाट्याने चढतो. म्हणून पूर ओसरल्यावर मोटार तशीच उघड्यावर ठेवण्यापेक्षा लगेच धुऊन, पूर्ण सुकवून तेल-ग्रीस लावणं महत्त्वाचं. कासच्या पठाराचा जांभा तांबडा दिसतो तोही लोहाच्या ऑक्साइडमुळेच, म्हणजे तो रंग गंजाच्याच घराण्यातला.

हरिपूरच्या हळदीच्या पेवांचं गणितही श्वसनाच्या ऑक्सिडीकरणावर चालायचं. जमिनीतल्या बंद पेवात साठवलेल्या हळदीतले किडे आतला ऑक्सिजन वापरत राहतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड तग धरत नाही. पण तीच हवा माणसालाही मारक. म्हणून पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची.

हळदीचा विषय निघालाच आहे तर चुन्याची डबी पुन्हा उघडा. चिमूटभर हळद पाण्यात कालवून त्यात थोडा चुना टाका. पिवळ्याचं लालभडक होतं. हळदीतला कुरकुमिन आम्लारीत हायड्रोजनचा आयन सोडतो आणि त्याचा रंग बदलतो. वर लिंबू पिळा, पिवळा रंग परत येतो. अभिक्रिया उलटही फिरू शकते हे दाखवायला यापेक्षा सोपं आणि स्वस्त साधन मला माहीत नाही. हळदीने रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या वाळवून ठेवल्या तर साबण, सोडा, चुना असे आम्लारी ओळखायला वर्षभर पुरतात.

वेग

तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या गेटवर पडून राहिला की उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो, हे प्रत्येक ऊसकऱ्याला ठाऊक आहे. नुसता वाळला म्हणून घटतो असं नाही. वाळण्याने वजन कमी होतं. उतारा घटतो तो साखर फुटल्यामुळे:

सुक्रोज + पाणी → ग्लुकोज + फ्रुक्टोज

हे दोन्ही पदार्थ गोडच, पण त्यांच्यामुळे कारखान्याला दाणेदार साखर मिळत नाही, उलट मळी वाढते. ही अभिक्रिया उसातल्याच विकरांमुळे वेगाने होते. विकर म्हणजे सजीवांचे उत्प्रेरक: अभिक्रियेचा वेग वाढवतात आणि स्वतः संपत नाहीत. ऊन तापलं, तापमान वाढलं की वेग वाढतो. कांडी जितकी जास्त तुटलेली, तितके जास्त जिवाणू आत शिरतात आणि नुकसान वाढतं. आम्लानेही हे फुटणं वेग घेतं, आणि ताजा रस मुळातच आम्लधर्मी असतो. म्हणून रस निघाल्यावर लवकरात लवकर त्यात चुन्याचं दूध (पाण्यात कालवलेला चुना) घालून आम्लता मारतात. तेवढ्यावर चुन्याचं काम संपत नाही. रसातल्या फॉस्फेटशी त्याचा न विरघळणारा कॅल्शियम फॉस्फेट बनतो आणि तो खाली बसताना मळ सोबत घेऊन जातो. हे बोर्डोसारखंच अवक्षेपण, फक्त ड्रम कारखान्याएवढा.

मळीतून पुढे अल्कोहोल होतं. यीस्ट १८० ग्रॅम ग्लुकोजचं ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड करतं. एका पदार्थाचे दोन झाले, म्हणून मांडणीने हे अपघटन. पुस्तकातही किण्वन तिथेच दिलेलं सापडेल.

दही थंडीत उशिरा लागतं आणि डाळ कुकरमध्ये लवकर शिजते, तिथेही तापमानाचाच खेळ आहे. खडीमिठाएवढा चुनखडीचा खडा आणि त्याच वजनाची चुनखडीची पूड वेगवेगळ्या ग्लासांत व्हिनेगरमध्ये टाकून पाहा. पूड क्षणात उसळते, खडा सावकाश बुडबुडे सोडत राहतो. पृष्ठभाग जास्त, तर वेग जास्त.

आता तुमची पाळी: कल्हई

सगळं एकत्र तपासायला कल्हईवाल्याचं काम पाहा. तापलेल्या तांब्याच्या भांड्यात तो नवसागर टाकतो. पांढरा धूर उठतो आणि नाकात झोंबतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर ते फुटतं:

अमोनियम क्लोराइड → अमोनिया + हायड्रोजन क्लोराइड

ही अपघटन अभिक्रिया आहे आणि उष्माग्राही आहे. वर गेलेले हे दोन वायू गार हवेत पुन्हा एकत्र येतात आणि नवसागराचे बारीक पांढरे कण होतात. धूर पांढरा दिसतो तो त्यामुळे. म्हणजे भांड्यात अपघटन आणि भांड्याच्या वर संयोग, अगदी उलटसुलट.

भांड्यात खाली तिसरं काम चालू असतं. तांब्यावरचा काळा कॉपर ऑक्साइड हायड्रोजन क्लोराइडशी भिडतो:

कॉपर ऑक्साइड + २ हायड्रोजन क्लोराइड → कॉपर क्लोराइड + पाणी

जोडीदार बदलले, म्हणून मांडणीने दुहेरी विस्थापन. आम्ल आणि आम्लारी ऑक्साइडपासून क्षार व पाणी झालं, म्हणून उदासिनीकरणही. तांब्याची जी स्थिती आधी होती तीच नंतरही आहे, इलेक्ट्रॉन कुणीच दिले-घेतले नाहीत, म्हणून रेडॉक्स नाही. चिंच-मिठाने तांब्याचा हंडा घासतो तेव्हाही हाच प्रकार घडतो, फक्त आम्ल चिंचेतलं.

मग उघड्या पडलेल्या चकचकीत तांब्यावर तो कथलाची कांडी फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने पसरतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि भांडं त्याहून जास्त तापलेलं असतं. हे वितळणं आणि पुन्हा गोठणं हा भौतिक बदल आहे.